माझ्या बुटांची पावलं

"तुला कोणी पाठवलं?"

काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी दोन बॅगा घेऊन त्यांच्या दारात उभा होतो, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीची ऑक्टोबरची थंडी कानांना झोंबत होती, आणि त्यांच्या घराचं बेसमेंट मी भाड्याने घ्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. ठरवलं होतं त्यांच्या मुलीने, दूर पश्चिमेकडच्या रेडमंडहून, फोनवर. मी तसं सांगितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगांकडे, मग माझ्या मागे रस्त्यावर. "म्हणजे तिनं पाठवलं," ते म्हणाले आणि मला आत घेतलं. चहा दिला, पण माझा कप संपेपर्यंत स्वतः उभेच राहिले.

मीही काही भोळा सांब नाही. इतकं मोठं बेसमेंट इतक्या कमी भाड्यात मिळतंय म्हणजे भिंतींना ओल असणार, नाहीतर हीटर बंद असणार, असं मी धरून चाललो होतो. पहिले दोन दिवस मी भिंतींवर हात फिरवत हिंडलो. ओल नव्हती. हीटर उत्तम होता. वर काका होते, एवढंच.

काका मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यात तयार झालेला माल तपासायची नोकरी केली. समोर आलेली प्रत्येक वस्तू खराब आहे असं समजून सुरुवात करायची आणि ती चांगली निघालीच तर नाइलाजाने पुढे सोडायची, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की माणसांनाही ते त्याच पट्ट्यावरून सोडत. काकू असताना म्हणायच्या म्हणे, की तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. हे मला काकांनीच सांगितलं, आणि त्यात कौतुक होतं की टोमणा, याचा त्यांना अजून पत्ता लागलेला नव्हता.

त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. आपण कोणाबद्दल काही चांगलं बोलावं, की ते म्हणायचे, "असेल. पण का?" शेजारची गोरी आजी बिचारी केळ्याचा केक घेऊन यायची. मी म्हटलं, काका, चांगली बाई आहे. "असेल. पण का?" तो केक आधी मला खायला लावायचे, थोडा वेळ माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे, आणि मी धडधाकट दिसतोय अशी खात्री झाली की मोठा तुकडा कापून घ्यायचे. या आजीबाई गुपचूप ससे पाळतात आणि आपल्या वाफ्यांवर सोडतात, असा त्यांचा पक्का समज होता.

वाफे म्हणजे मागच्या अंगणातला त्यांचा भाजीचा मळा. उन्हाळ्यात मिनेसोटात कोणीही भाजी लावतं. टोमॅटो, मिरच्या, दुधी सगळं येतं. काकांचा जीव होता तो हिवाळ्याच्या मळ्यात. पाइपच्या बुटक्या कमानी, त्यांवर जाड प्लास्टिक, प्लास्टिकच्या आत कापडाचं आणखी एक पांघरूण, आणि त्याखाली पालक. बाजूच्या वाफ्यात गाजरं, ती उपटायचीच नाहीत. वर पेंढा आणि वाळक्या पानांचा हातभर थर द्यायचा आणि बर्फ पडू द्यायचा. शेवटच्या वाफ्यात ऑक्टोबरात लावलेला लसूण. ही वाळकी पानं ते शेजाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या पिशव्यांतून आणत, पण प्रत्येक पिशवीत आधी नाक खुपसून. गवतावर औषध मारलेल्या घरची पिशवी त्यांना वासावरून कळायची, असं त्यांचं म्हणणं. मलाही हुंगायला लावलं होतं. मला फक्त पानांचा वास आला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्या घराला सामील आहे.

आता खरी अडचण सांगतो. आदल्याच हिवाळ्यात काका या मळ्यात घसरून पडले होते आणि त्यांचं मनगट मोडलं होतं. तेव्हा मुलीने अट घातली. बर्फ पडल्यापासून वितळेपर्यंत बाबांनी मागच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. टाकलेलं कळलं, की घर विकायचं आणि तिच्याकडे रेडमंडला येऊन राहायचं. काकांनी फोनवर वचन दिलं. घरात कोणीतरी असावं म्हणून तिने मला शोधून काढलं. "थोडं लक्ष ठेवशील ना?" असं तिने मला विचारलं होतं, तेव्हा मी साफ सांगितलं, "ताई, काकांना काही मदत लागली तर करीन. पण चहाड्या मला जमणार नाहीत." ताई हसून म्हणाली, "फेअर इनफ." काकांना मी हे शब्दशः सांगितलं. ते म्हणाले, "असेल."

बर्फ पडला की काका खुश व्हायचे. बाकी सगळे फावडी काढून कुरकुरायचे, तेव्हा हे स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन उभे. कारण बर्फात लपवाछपवी चालत नाही. कोण आलं, कुठून आलं, घाईत होतं की रेंगाळत, सगळं लिहिलेलं. "समर में कुछ पता नहीं चलता," असं ते मुद्दाम हिंदीत म्हणायचे. संशयाच्या गोष्टी ते हिंदीत बोलत. सशाचे मागचे मोठे पाय उडी मारताना पुढे पडतात, हे मला त्यांनीच शिकवलं. पोस्टमन डावा पाय जरा फरपटतो, हेही. माझ्या बेसमेंटचं दार मागच्या बाजूला उघडायचं, तिथून घराला वळसा घालून मी गाडीपाशी जायचो, आणि माझ्या येण्याजाण्याची त्यांना इतकी बारीक माहिती असायची की मी चिडायचो. "काल उशीर झाला तुला. आणि येताना कोणाशी तरी फोनवर बोलत होतास. मध्येच उभा राहिलायस." राहिलो होतो. आईचा फोन होता. पण हे यांना सांगायची मला काय गरज होती?

डिसेंबरात मला ताप आला. फ्लू असावा. दिवसभर पडून होतो, दुसऱ्या दिवशीही. ऑफिसात मेल टाकला, बाकी कोणाला कळवणार? या देशात माणूस आजारी पडला की फोन पालथा ठेवतो आणि झोपतो. तेवढ्यात जिन्यावरचं दार धाडधाड वाजलं.

"दोन दिवस तुझी पावलं नाहीत," काका दारातूनच म्हणाले. "गाडी जागेवर आहे. काय लपवतोयस?"

मी म्हटलं, "ताप आलाय, काका."

ते आत आले, कपाळावर हात ठेवला, काढला, हाताच्या उलट्या बाजूने परत ठेवला. "खरंच आहे," ते म्हणाले, जरा हिरमुसलेच. मग वर गेले आणि तासाभराने पालकाची पातळ भाजी आणि मऊ भात घेऊन आले. पालक त्या थंडीत कुठून आणला, हे मी विचारलं नाही. मी खाईपर्यंत ते समोर खुर्चीत बसून राहिले, कारण मी भात टाकून देईन असा त्यांना संशय होता. घर सोडून आल्यापासून माझ्या जेवणावर इतका वेळ कोणी डोळे लावून बसलं नव्हतं. मला रडू आलं, आणि ते तापामुळे आहे असं आम्ही दोघांनीही धरून चाललो.

पण पालकाचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आणि त्याच सुमारास माझ्या बुटांचं काहीतरी बिनसलं. जिन्याखाली वॉशिंग मशीनशेजारी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये माझे बर्फाचे जाड बूट असत. घरून काम करायच्या दिवशी मी उंबरठाही ओलांडायचो नाही, तरी संध्याकाळी बूट ओले. एकदा पाय घातला तर पुढे काहीतरी बोचलं. आत कागदाचा बोळा निघाला. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाचं पान, अर्धवट राशिभविष्य. माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं.

बेसमेंटची खिडकी जमिनीलगत होती. तिच्यातून बाहेरचं जग गुडघ्यापर्यंतच दिसायचं. एका दुपारी मी हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसलो होतो, आणि खिडकीबाहेरून माझे बूट गेले. माझेच. डाव्या बुटाची नाडी मी लाल घातली होती, ती दिसली. माझे बूट माझ्याशिवाय मळ्याकडे चालले होते, हळूहळू, पाय उचलून उचलून, जुन्याच खळग्यांत नेमके पडत.

मी मीटिंग म्यूट केली आणि जिन्याखाली जाऊन बसलो. काका परत आले, माकडटोपीवर बर्फाचा चुरा, एका हातात पालकाची जुडी. मला पाहून ते दचकले नाहीत. उलट माझ्यावरच डोळे बारीक केले.

"मीटिंग सोडून इथं काय करतोयस?"

"काका, माझे बूट!"

"माझ्या बुटांचे ठसे पडले तर तिला कळेल," ते म्हणाले, जणू ही अगदी सरळ गोष्ट होती. "तुझे पडले तर तू शेती करतोयस. तरुण माणूस आहेस, हौस असू शकते."

"ताई इतक्या लांबून ठसे बघणार आहे का?"

"ती नाही. तिची माणसं." आणि त्यांनी शेजारच्या केकवाल्या आजींच्या घराकडे हनुवटी उडवली.

मी हसू दाबलं आणि म्हटलं, मग मीच करतो ना मळ्याचं काम, तुम्ही खिडकीतून सांगा. हे त्यांना पटलं नाही, पण पकडले गेल्यामुळे त्यांनी मान्य केलं. शनिवारी मी फावडं घेऊन मळ्यात उतरलो आणि मनापासून कामाला लागलो. गाजरांच्या वाफ्यावर केवढा बर्फ साठला होता! मी तो भराभरा बाजूला ओढून वाफा स्वच्छ केला. खिडकीकडे पाहिलं तर काका दोन्ही हातांनी काच बडवत होते. फोन कानाला लावला तर किंकाळीच ऐकू आली. "पांघरूण काढलंस! अरे, पांघरूण ओढलंस रे पोरांच्या अंगावरचं!"

तेव्हा मला कळलं, की तो बर्फच गाजरांची गोधडी होता. वरची हवा उणे वीसला गेली तरी पेंढा आणि बर्फ यांच्या खाली माती गोठत नाही, हात घालून उकरता येते. बर्फ झटकायचा तो फक्त पालकाच्या प्लास्टिकवरचा, तोही ओला आणि जड असेल तरच, म्हणजे कमानी वाकत नाहीत. ऊन पडलं की प्लास्टिकचं एक टोक उचलून वाफ बाहेर सोडायची, आणि ऊन उतरायच्या आत परत दाबायचं. हे सगळं मी त्या दिवशी शिकलो, बर्फ परत वाफ्यावर लोटता लोटता. पण तपासणीत मी नापास झालो होतो. सोमवारी माझे बूट पुन्हा ओले होते. मी फक्त राशिभविष्याचा बोळा काढून कोरडा करून परत ट्रेमध्ये ठेवायला लागलो.

आणि मग संक्रांत आली. भोगीला काकांनी मिसळीची भाजी केली, वांगी, वाटाणे, तीळ, शेंगदाणे, आणि मळ्यातली गाजरं. ती त्यांनी रविवारी मंडळाच्या हळदीकुंकवाला न्यायची ठरवली. मी म्हटलं, काका, गाजरं दुकानातली आहेत म्हणून सांगा. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. खरं दुखणं मला नंतर कळलं. जानेवारीत मिनेसोटात जमिनीतून गाजर निघतं यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असा त्यांना संशय होता. म्हणून पुरावा म्हणून त्यांनी कोटाच्या खिशातून एक न धुतलेलं गाजर नेलं होतं, मातीसकट, पाल्यासकट. हॉलमध्ये भाजीच्या पातेल्याशेजारी उभं राहून त्यांनी ते खिशातून काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोटो काढला. माकडटोपी, हातात मातीने भरलेलं गाजर, आणि चेहऱ्यावर असं तेज, की मी त्यांना त्याआधी कधी इतकं उघडं हसताना पाहिलं नव्हतं.

फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. मुलगी शाळेत असल्यापासून मंडळात होती, ग्रुपमधून कधी बाहेर पडलीच नव्हती. त्याच संध्याकाळी वर काकांचा फोन वाजला, आणि त्यानंतर काकांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. जिन्यात भेटले तर बाजूला होऊन मला वाट द्यायचे, साक्षीदाराला देतात तशी. शेवटी एकदा कपडे मशीनमध्ये टाकताना पाठमोरेच म्हणाले, "मार्चमध्ये येतेय ती. घराच्या एजंटला घेऊन. तुला हेच हवं होतं ना?"

"काका, मी काही नाही सांगितलं. तुम्ही गाजर घेऊन फोटोला उभे राहिलात."

"असेल," ते म्हणाले. "पण फोटो काढणारा तुझ्याच शेजारी उभा होता."

मला भयंकर राग आला. मनात म्हटलं, जाऊ दे, मार्चमध्ये मीही दुसरी जागा बघतो. या म्हाताऱ्याचा मी कोण लागतो?

फेब्रुवारीत ओला बर्फ पडला, फांद्या मोडणारा. दुसऱ्या दिवशी शनिवार. मला गाडीवरचा बर्फ काढायला बाहेर जायचं होतं. ट्रेमध्ये बूट नव्हते. मी वैतागून दार उघडलं. नव्या कोऱ्या बर्फात माझ्या बुटांची पावलं दारापासून सुरू होऊन मळ्याकडे गेली होती. जाणारी. मी परत येणारी शोधली. मग खळगे एकात एक पडलेत का ते पाहिलं, जसं त्यांनी शिकवलं होतं. दुहेरी ठसा कडेला भुगा सोडतो. भुगा नव्हता. माझी पावलं गेली होती आणि परत आली नव्हती.

मी चपलांवर धावलो. काका पालकाच्या वाफ्याशेजारी बसले होते, एक पाय विचित्र वळलेला, आणि मोठ्या पडणाऱ्या त्या बुटातून टाच निम्मी बाहेर आलेली. ओठ निळे पडले होते. मी जवळ गेल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"तुला कोणी पाठवलं?"

"माझ्या बुटांनी, काका."

त्यांनी यावर थोडा विचार केला आणि मान हलवली. हा पुरावा त्यांनी मानला. मी माझा कोट त्यांच्यावर टाकला, त्यांच्या पाठीला टेकून बसलो, नाइन-वन-वनला फोन केला. ते कुडकुडत एकच सांगत होते, प्लास्टिक उघडं आहे, आधी ते दाब. मी दाबलं. अँब्युलन्सची माणसं आली तेव्हा स्ट्रेचरवरून मान वळवून ते म्हणाले, "बघ, किती जणांनी तुडवलंय. आता कोणाचं कोणतं, काही कळायचं नाही."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ताई दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आली. तिने नर्सने दिलेली पिशवी उघडली आणि माझे बूट बाहेर काढले, आतला राशिभविष्याचा बोळाही. "हे कोणाचे?" मी म्हटलं, माझे. तिने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिथेच खुर्चीवर बसून रडायला लागली. "बाबा, यू प्रॉमिस्ड. यू प्रॉमिस्ड मी. मला रोज भीती वाटते फोन वाजला की."

काका छताकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "घर विक. पण आत्ता नाही. लसूण जमिनीत आहे."

"व्हॉट?"

"जुलैत निघतो. लसूण जमिनीत असताना घर विकत नाहीत."

असा कुठलाही नियम नाही, हे ताईलाही माहीत होतं. ती रडता रडता हसली. "ओके. जुलै." काकांनी लगेच माझ्याकडे कटाक्ष टाकला, की हे तू ऐकलंयस.

मार्चमध्ये ते रेडमंडला गेले, वॉकर घेऊन. निघताना माझ्याशी गोड काही बोलले नाहीत. किल्ली दिली, मी ती खिशात ठेवताना पाहिली, आणि म्हणाले, "माझ्या मागे गाजरं दुकानातून आणशील आणि मळ्यातली म्हणून सांगशील. म्हणून मातीसकट दाखवायची." मी दुसरी जागा बघितली नाही. जुलैत लसूण काढला, माळा करून गॅरेजमध्ये टांगला आणि कॅमेऱ्यासमोर एकेक गड्डा फिरवून दाखवला. ताईने एजंटची गोष्ट काढली, की काका विषय बदलायचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी फोन आला, आवाज अगदी खाली. "ती ऑफिसला गेलीय. आज लसूण लावून टाक. सगळा." मी लावला. संध्याकाळी ताईचा मेसेज आला, "सो... नेक्स्ट जुलै?" आणि पुढे हसणारा चेहरा.

रेडमंडमध्ये त्यांचं मन रमत नाही. नातवंडं इंग्रजीत बोलतात आणि पाऊस पडत राहतो. "इथं पावलंच उमटत नाहीत रे," ते एकदा म्हणाले. "कोण येतं, कोण जातं, काही पत्ता नाही." म्हणून इथे पहिला बर्फ पडला तेव्हा मी स्वतःहून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन अंगणाकडे धरला. त्यांनी चष्मा पुसला. आता हे रोजचंच झालंय. ससा कुठून आला, आजीबाई कुंपणापाशी का थांबल्या, सगळ्याची झडती होते. ते जायचे त्याच वाटेने मी रोज त्याच खळग्यांत पाय टाकत जातो, म्हणजे परकं पाऊल वेगळं कळतं.

परवा दोन दिवस मी कॉल लावला नव्हता. काही विशेष नाही, मन लागत नव्हतं, बाहेर पडावंसं वाटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच आला. मी दार उघडून फोन बाहेर धरला. बर्फ सपाट होता, वाफ्यांपर्यंत स्वच्छ पांढरा. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"पावलं नाहीत तुझी," ते म्हणाले. "बरा आहेस ना?"

"बरा आहे, काका."

"असेल," ते म्हणाले. "कॅमेरा तुझ्याकडे वळव. बघू दे मला."